सगळ्यांना पस्तीस

विनया चुरीबद्दल कुणी चांगलं बोललं की मला आधी राग येतो. कारण हल्ली सगळेच चांगलं बोलतात. फार प्रामाणिक हो, जरा तापट एवढंच, असं म्हणतात आणि चहाचा घोट घेतात. बोलायची वेळ होती तेव्हा हीच मंडळी मोबाइलमध्ये मान घालून बसली होती. त्यांच्या तोंडून तिची गोष्ट ऐकण्यापेक्षा मीच लिहिलेली बरी.

मी रिटा लोपीस. विरार पश्चिमेच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. कॉलेजचं नाव लिहिणार नाही, लिहिलं तर त्यांना फुकटची जाहिरात मिळेल. त्याच कॉलेजात विनया गणित शिकवायची. माझी नोकरी पक्की, तिची तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नव्याने नेमणूक, आणि मार्चमध्ये शेवटचा तास झाला की बाई कोण आणि कॉलेज कोण. अशी कितीतरी वर्षं तिने काढली. ही गोष्ट वाचताना हा फरक लक्षात ठेवा, कारण ज्यांच्या नोकऱ्या पक्क्या होत्या ते गप्प बसले आणि जिची कच्ची होती ती बोलली.

विनया निर्मळ गावची. तळ्याच्या पलीकडे त्यांची वाडी आहे, केळी आणि सोनचाफा. सकाळी फुलं तोडून द्यायची, आंघोळ करायची आणि स्कूटर काढून कॉलेजला यायचं, हा तिचा नेम. डिकीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला चाफा असायचा. स्टाफरूममध्ये आल्या आल्या प्रत्येकीच्या टेबलावर एकेक फूल ठेवायची आणि पहिला तास व्हायच्या आत त्यातल्या कुणाशी तरी भांडायची. भांडण बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून. मुलं क्लासमधून काहीतरी युक्ती शिकून यायची आणि हिचं डोकं फिरायचं.

त्यातली सर्वांत आवडती युक्ती होती इन्व्हर्स फंक्शनची. मुलं सांगायची, मॅडम सोपं आहे, एक्सच्या जागी वाय आणि वायच्या जागी एक्स टाकायचा, मग सोडवायचं, आलं इन्व्हर्स. विनया हातातला खडू टेबलावर आपटायची. अदलाबदल काय, कशाचीही करता येते, म्हणायची. मागे जायला वाट आहे का ते आधी बघ.

मला गणितातलं ओ की ठो कळत नाही. दहावीनंतर मी त्या विषयाला जो रामराम ठोकला तो आजतागायत. पण रोज शेजारच्या टेबलावर हे ऐकून ऐकून एकदा मी तिला म्हटलं की बाई, ही मागे जायची वाट म्हणजे काय ते मला तरी सांग, म्हणजे तू कशावरून ओरडतेस ते कळेल. ऑफ पिरियड होता. तिने मला तिच्या घरच्या पातेल्याची गोष्ट सांगितली.

निर्मळला त्यांच्या भावकीत अजून रीत आहे. कुणाकडे कार्य निघालं की घराघरातली मोठी भांडी गोळा करायची. काम उरकलं की भांडी घासून, अंगणात पालथी घालून वाळवायची आणि काठावर कोरलेलं नाव वाचून ज्याची त्याच्या घरी पोचवायची. विनयाचे आजोबा गेले तेव्हा तेराव्याला अशीच भांडी जमली. तिचे वडील आणि काका त्याआधीच वेगळे झालेले. वेगळे होताना दोघांनीही नवी भांडी घेतली, आणि दोघांनीही वडिलांवरच्या प्रेमापोटी आपलं नाव न कोरता वडिलांचं कोरून घेतलं. रामचंद्र काशिनाथ चुरी, दोन्हीकडे तेच. तेराव्याचं जेवण झालं, भांडी पालथी घातली, नावं वाचली आणि एका मोठ्या पितळी पातेल्यापाशी सगळं अडलं. आई म्हणाली आमचं, काकू म्हणाली आमचं. त्यानंतर त्या दोघी जावा एका विहिरीवर पाणी भरत असून कित्येक वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत.

"आता बघ," विनया म्हणाली. "घर सांगितलंस तर त्या घरच्या भांड्यावर काय कोरलंय ते मी सांगू शकते. प्रत्येक घराला एकच नाव. हे झालं फंक्शन. पण कोरलेलं नाव वाचून घर सांग म्हणालीस तर नाही सांगता येत, कारण दोन घरं एकाच नावावर येऊन पडलीत. जाता येतं, परत येता येत नाही. म्हणून इन्व्हर्स नाही. नाव कितीही वेळा वाच, उलटं वाच, सुलटं वाच, नाही म्हणजे नाही."

मी विचारलं, मग यावर उपायच नाही? ती म्हणाली, आहे ना. त्या दिवशी फक्त काकांकडचीच भांडी आणली असती तर तेच नाव पुरलं असतं. म्हणून आधी विचारायचं की कोणाकोणाची भांडी आली आहेत. आम्ही त्याला डोमेन म्हणतो. ते न विचारता जो इन्व्हर्स काढायला बसतो तो गाढव. मग तिने मला एक सोपं गणितही घातलं. संख्येची दुप्पट करून तीन मिळवलेस, तर मागे येताना आधी तीन काढायचे आणि मग निम्मं करायचं. गजरा उसवतानाही शेवटी ओवलेलं फूल आधी निघतं. आयुष्यात पहिल्यांदा मला गणित कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं याचाही राग आला.

जागृती तिच्याकडे आली ती अशाच एका खडू आपटण्याच्या दिवशी. कळंबची पोर. आई जिजा मासळी विकते, बाप दुसऱ्याच्या बोटीवर जातो. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि अकरावी सायन्सला आल्यावर अचानक सगळं इंग्रजी. रिलेशन, फंक्शन, वन-वन, ऑन्टू. पहिल्या सत्रात गणितात तिला एकेरी आकडा मिळाला होता. वर्गातली मुलं हसली म्हणून ती पेपर हातात घेऊन तशीच उभी राहिली, खाली बसलीच नाही. विनयाने वर्ग सुटल्यावर तिला विचारलं की गणित सोडायचं आहे का. ती म्हणाली, नाही, मला जहाजं बांधायचं शिकायचं आहे आणि त्याला बारावीला गणित लागतं. विनयाने मला हे दोनदा सांगितलं. एवढं ठाम उत्तर तिला आमच्या प्राध्यापकांकडूनही कधी मिळालं नव्हतं.

त्यानंतर कॉलेज सुटल्यावर दोघी लायब्ररीत बसायच्या. विनया भाषा सोडून द्यायची आणि पातेल्यापासून सुरुवात करायची. जागृतीने पातेलं ऐकलं आणि म्हणाली, मॅडम, आमच्याकडे वाळत घातलेल्या बोंबलांचं असंच होतं. दोन घरांचे एका ठिकाणी पडले की मग कुणाचे ते बोंबलाकडे बघून कळत नाही. विनयाला हे इतकं आवडलं की पुढचे कित्येक दिवस ती वर्गात पातेल्याऐवजी बोंबील सांगत होती. विरारच्या टॉवरमध्ये राहणारी मुलं नाकं मुरडायची. ती म्हणायची, नाक मुरडा, पण डोमेन विचारा.

वार्षिक परीक्षेचे पेपर विनया स्टाफरूममध्येच तपासायची. जागृतीचा पेपर आला तेव्हा तिने तो बाजूला ठेवला, चहा घेतला, मग उचलला. बेरीज केली, पुन्हा केली, मलाही करायला लावली. पस्तीस. बरोबर पासाच्या रेषेवर. एका उत्तरात अर्धा मार्क वाढवता आला असता, मी सुचवलंही. तिने माझ्या हातातून पेपर काढून घेतला. तिचे तिने कमावलेत, म्हणाली, त्यात माझी भीक कशाला. त्या दिवशी तिने कुणाशी भांडण केलं नाही.

आता म्हस्कर सरांकडे येते. शांताराम म्हस्कर, आमचे प्राचार्य. आवाज मऊ, बोलणं लाघवी, आणि कुठल्याही गोष्टीला नाही न म्हणता ती मोडून टाकण्यात हातखंडा. त्यांनी सगळ्या विषयांच्या शिक्षकांना बोलावून सांगितलं की अकरावीत कुणी नापास दिसता कामा नये. नापास झाली की पोरं दाखला काढून दुसरीकडे जातात, तुकड्या ओस पडतात. तेव्हा पस्तीसच्या खाली जे असतील त्या सगळ्यांना पस्तीस. हे काही आमच्याच कॉलेजात होतं असं नाही, पण मला शेजाऱ्याच्या घाणीचं कौतुक सांगू नका.

विनयाने विचारलं, खरे मार्क वेगळ्या रकान्यात ठेवू का. सर हसले. दोन रकाने ठेवले तर तपासणीला कुणी आलं की दोन्ही वाचेल, म्हणाले. मार्क संगणकावर होते, तिथेच बदलायचे होते. ती नको म्हणाली. सरांनी जूनच्या नेमणुकांचा विषय काढला, फार मऊपणाने. मग तिने ऑफिसात बसून स्वतःच्या हातांनी एकेका नावापुढचा आकडा पुसून पस्तीस टाकला. कुणाचे आठ होते, कुणाचे एकोणतीस, कुणाचे चौतीस. सगळ्यांचे पस्तीस झाले. ज्यांचे मुळात पस्तीस होते त्यांना हात लावायची गरजच नव्हती. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता, आणि मे महिन्यात सगळ्या उत्तरपत्रिका टेम्पोत भरून रद्दीत गेल्या. म्हणजे मागे जायची वाटही बंद.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि संस्थेने नवी टूम काढली. स्टेशनजवळच्या एका मोठ्या क्लासशी करार झाला. यापुढे बारावीचं गणित क्लासवाले संग्राम सर शिकवणार, आमच्याच इमारतीत, आमच्याच फळ्यावर; विनयाकडे उरली फक्त अकरावी. निकाल झळकला पाहिजे आणि चौकात फ्लेक्स लागले पाहिजेत. त्यासाठी कच्ची पोरं आधीच गाळायची. म्हस्कर सरांनी फतवा काढला की ज्यांना अकरावीत गणितात पस्तीस आहेत ते ग्रेसवर पास झालेले, त्यांनी बारावीला गणित सोडून भूगोल घ्यावा. आधी स्वतःच सगळ्यांना एका आकड्यावर आणून ठेवायचं आणि मग त्या आकड्यावरून त्यांची लायकी ठरवायची. लिहिताना आताही माझे कान तापतात.

विनया तडक केबिनमध्ये गेली, मी तिच्यामागे. जागृतीचे पस्तीस खरे आहेत, तिला गणित सोडायला लावू नका, तिचं पुढचं सगळं त्यावर आहे, असं तिने सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की तुमच्या आवडत्या विद्यार्थिनीसाठी तुम्ही बोलणारच. काही पुरावा? विनयाने माझ्याकडे बोट केलं, मीही बेरीज केली होती. सर म्हणाले, लोपीस मॅडम मराठीच्या आहेत. मग त्यांनी टेबलावरचा यादीचा कागद तिच्याकडे सरकवला. तुम्हीच मार्क भरलेत ना, मग तुम्हीच सांगा यातले खरे कोण आणि ग्रेसचे कोण. प्रत्येकापुढे मूळ आकडा लिहून द्या, आपण लगेच सोडवू.

विनयाने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पस्तीस, पस्तीस, पस्तीस, पानभर तेच. तिला जागृती आठवत होती, बाकीचे शेकडो पेपरांच्या गठ्ठ्यात हरवलेले.

"तुम्ही माझ्याकडे इन्व्हर्स मागताय, सर," ती म्हणाली. "तो नाही."

सरांना वाटलं ती शब्दांचा खेळ करते आहे. ते म्हणाले, मग झालं तर, विषय संपला. स्टाफरूममध्ये आल्यावर ती खुर्चीवर बसली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर म्हणाली, रिटा, गप्प बस. दोन भावांनी एक नाव कोरलं म्हणून मी वर्षानुवर्षं वर्गात हसले, आणि स्वतः बसून तेच केलं. तिच्या रागाला त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर जायला जागा नव्हती, तो सगळा तिच्याच अंगावर येत होता.

पालकसभा शनिवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये होती. ज्यांच्या पोरांना पस्तीस होते तेवढेच पालक बोलावले होते. म्हस्कर सर माइकवर गोड बोलत होते. मुलांवर ताण नको, भूगोलही चांगला विषय आहे, संमतीपत्रावर सही करून जा. लोक रांगेत उभेही राहिले. बऱ्याच जणांना घाई होती, कुणाची हाफ डे रजा होती. जिजा मागच्या बाजूला उभी होती, बाजारातून तशीच आलेली, पदर खोचलेला. जागृती तिच्या शेजारी. मुलगी काहीतरी बोलली आणि आई टेबलापाशी गेली.

जिजाने विचारलं की हिचं गणित का काढताय. सरांनी समजावलं की ताई, तुमची मुलगी ग्रेसवर पास झाली आहे. जागृती म्हणाली, मला ग्रेस नाही, सर. सर हसून म्हणाले, बाळा, यादीतले सगळेच असं म्हणतात. आणि ते खरंच होतं, यादी बघून कुणालाच काही वेगळं म्हणता आलं नसतं. शिक्षक भिंतीलगत खुर्च्यांवर बसले होते. भौतिकशास्त्राच्या बाई, रसायनशास्त्राचे सर, सगळ्यांनी आपापल्या विषयात हेच केलं होतं. सगळे मोबाइल बघत होते.

विनया उठली. माइक नव्हता तिच्याकडे, गरजही नव्हती.

"ते पस्तीस मी टाकलेत," ती म्हणाली. "माझ्या हातांनी. ज्यांना कमी होते त्यांना वर आणलं, आणि ज्यांचे खरे होते ते त्यांच्यात मिसळून गेले. आता या यादीवरून कोण खरा ते मीही सांगू शकत नाही, सरही नाही, कुणीही नाही. हे आधी मला कळायला हवं होतं, मी तेच शिकवते. पोरांची चूक नाही. पुन्हा परीक्षा घ्या, दुसरा मार्गच नाही."

तुम्हाला वाटेल की यावर पालकांनी म्हस्कर सरांना धारेवर धरलं असेल. छे. ते विनयावर धावून आले. आमच्या मुलाचे मार्क खोटे म्हणता, भर सभेत बदनामी करता, असं एक गृहस्थ बोट नाचवत म्हणाले. पोराला मुळात किती पडले होते हे त्यांना पक्कं माहीत असणार, म्हणूनच आवाज एवढा वर गेला. दुसऱ्या एकाने विचारलं, मग तुम्हाला शिक्षिका म्हणून ठेवलंय कशाला. सरांनी दोन्ही हात वर करून शांततेचं आवाहन केलं आणि चुरी मॅडमची चौकशी होईल असं जाहीर केलं. मी उभी राहून ओरडले की हुकूम कुणाचा होता ते पण विचारा. माझा आवाज त्या गोंगाटात विरून गेला. पण जिजाचा विरला नाही, ती रोज बाजारात त्याहून मोठा गोंगाट कापते.

"माज्या पोरीनं कालवन रांदता रांदता अब्यास केलाय, मी बगितलंय," ती म्हणाली. "कोनाला किती पडले ते मना म्हाईत नाय. पन परीक्षा घेतो बोलंल त्याच्या म्होरं माजी पोरगी उबी ऱ्हाईल. घेनार का नाय ते सांगा. नाय घेनार तर मी या पोरांसकट बाहेर रस्त्यावर बसतंय."

ती नुसतं म्हणून थांबली नाही, कॉलेजच्या फाटकात जाऊन बसलीसुद्धा. बाहेर क्लासचा नवा फ्लेक्स लागत होता. फ्लेक्सखाली बसलेली ती बाई कुणीतरी मोबाइलवर टिपली आणि म्हस्कर सरांचा मऊपणा संपला. त्यांनी तोडगा काढला. ज्याला गणित ठेवायचं आहे त्याने सोमवारी फळ्यावर तोंडी परीक्षा द्यावी, संग्राम सर घेतील, पालकांसमोर. चुरी मॅडमनी त्या दिवशी कॉलेजात यायचं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही, हे पत्र तिला शनिवारीच संध्याकाळच्या आत मिळालं. चौकशी वगैरे काही झाली नाही. तासिका तत्त्वाला चौकशी लागत नाही.

सोमवारी जेमतेम पाचसहा मुलं आली. बाकीच्यांच्या आईवडिलांनी आधीच सह्या केल्या होत्या. फळ्यापुढे उभं राहायची भीती, शिवाय कशाला वाकड्यात शिरा. मी माझा तास सोडून मागच्या बाकावर जिजाच्या शेजारी जाऊन बसले. कुणी उठवलं असतं तर मी उठले नसते.

संग्राम सर माणूस वाईट नाहीत, हे रागातही लिहिलं पाहिजे. हुशार आहेत, तरुण आहेत, पण त्यांना घाई असते. त्यांच्या क्लासमध्ये एका प्रश्नाला अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही. त्यांनी जागृतीला बोलावलं आणि फळ्यावर लिहिलं, एफ ऑफ एक्स बरोबर एक्सचा वर्ग. इन्व्हर्स काढ.

जागृतीने खडू घेतला, पण लिहिलं काहीच नाही.

"डोमेन काय, सर?" तिने विचारलं.

सर जरा वैतागले. सगळ्या संख्या, नेहमीचंच, म्हणाले. एक्स-वायची अदलाबदल कर आणि सोडव, एवढं तर येतं ना. म्हस्कर सर दारात उभे होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. जिजाने माझा हात धरला होता, तिची बोटं मासळीने खरखरीत झालेली.

"याला इन्व्हर्स नाही," जागृती म्हणाली. "दोनलाही चार मिळतात आणि उणे दोनलाही चारच मिळतात. आता चार कुणाचे ते चारकडे बघून सांगता येत नाही." मग ती दाराकडे वळली. "तुम्ही सगळ्यांना पस्तीस दिलेत ना, सर, तसं."

संग्राम सर फळ्याकडे वळले. त्यांना उत्तर अर्थातच माहीत होतं, कधीकाळी तेही हे कुणाकडून तरी शिकले असणार. त्यांनी डस्टर घेऊन प्रश्न पुसला आणि हळूच म्हणाले, बरोबर आहे. पुढे त्यांनी तिला आणखी बरंच विचारलं, अवघडही विचारलं. काही आलं, काही अडलं. शेवटी फळा पुसता पुसता ते म्हस्कर सरांना म्हणाले की ही गणितात राहील. सर दारातून केव्हाच निघून गेले होते, म्हणून ते वाक्य फक्त आम्हीच ऐकलं.

यंदा वार्षिक परीक्षेनंतर नवा हुकूम आला. सगळ्यांना पस्तीस टाकायचे नाहीत. कुणाला पस्तीस, कुणाला छत्तीस, कुणाला अडतीस, असे वाटून द्यायचे, म्हणजे पुन्हा कुणी यादीवर बोट ठेवणार नाही. एवढ्या सगळ्यातून ही माणसं हेच शिकली. मी त्या मार्कांच्या यादीवर सही करायला नकार दिला. माझी नोकरी पक्की आहे, मला कुणी काढलं नाही, आणि त्यात माझं कौतुक काही नाही.

पण त्या सोमवारचं सांगायचं राहिलं. कॉलेज सुटल्यावर मी रिक्षाने निर्मळला गेले. विनया वाडीत होती, केळीच्या बुंध्याशी वाळकी पानं कापत होती. कोयता इतक्या जोरात चालत होता की मी थोडी लांबच उभी राहिले. तिने मान वर केली. जागृतीला गणित मिळालं का, असं ती विचारेल म्हणून मी तोंड उघडणार होते.

"डोमेन विचारलं का तिने?" विनयाने विचारलं.

मी म्हटलं, विचारलं. आधी तेच विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं, पस्तीसचं वाक्यही सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. मी तर रिक्षात एकटीच हसत आले होते. ती खाली बांधावर बसली आणि कोयता बाजूला ठेवला. आतून तिच्या आईने हाक मारून विचारलं की कोण आलंय, चहा टाकू का.

"एकीचे खरे ठरले," ती म्हणाली. "त्या गठ्ठ्यात खरे पस्तीसवाले आणखी होते, रिटा. दोघं तरी नक्की होते. एकाचा पेपर तपासताना मी त्याला शाबासकी लिहिली होती, एवढं आठवतं."

मी म्हटलं, मग सांग ना कोण. अजून वेळ आहे, मी त्यांच्या घरी जाते, आईबापांशी बोलते, सह्या परत घ्यायला लावते.

विनयाने हातातलं केळीचं पान फाडलं, त्याच्या चिंध्या केल्या.

"तेच आठवत नाही गं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या नावापुढे मला पस्तीसच दिसतात."